गुण कशाला द्यायचे?
ऑस्ट्रेलियातील 'ॲबोरिजिनल अभ्यास' आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन

आपल्या संस्थेच्या रविवारच्या धम्मवर्गाची परीक्षा दरवर्षी वर्षावास संपताना होते. प्रश्नपत्रिका काढण्याचे व उत्तरपत्रिका तपासण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. मागील परीक्षेत 'महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केव्हा झाला?' असा प्रश्न होता. जवळजवळ सर्व मुलांनी '२० मार्च १९२७' असे अचूक उत्तर लिहिले आणि आम्ही पूर्ण गुण दिले. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाला आम्ही सहज विचारले, "बाळ, तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव तर आधीच झाला होता. मग सत्याग्रह करावा का लागला?" मुलगा गप्प राहिला. चूक त्याची नव्हती. आम्ही हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता, म्हणून तो कोणी शिकवलाही नव्हता.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या एका ज्येष्ठ सभासदांची नात सिडनीहून सुटीत आली. ती तेथे बारावीत आहे व तिने 'ॲबोरिजिनल स्टडीज' हा विषय घेतला आहे. तिच्याजवळ एक जाड वही होती. आम्ही विचारले, "ही कसली वही?" ती म्हणाली, "काका, हिलाही मार्क आहेत. मी कोणाला भेटले, त्यांनी मला काय सांगितलं आणि माझं कुठे चुकलं, ते सगळं यात लिहायचं असतं." चुकले ते लिहायचे आणि त्यालाही गुण, ही गोष्ट आम्हांस नवीन होती. त्या वहीमुळे आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. त्यातून जे समजले ते आपल्या कार्यकर्त्यांच्या व पालकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडीत आहोत.

विषय आला कोठून?

ऑस्ट्रेलिया खंडात माणसाची वस्ती किमान पन्नास हजार वर्षांची आहे. १७८८ साली इंग्रजांनी सिडनी येथे वसाहत केली तेव्हा तेथे अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. म्हणजे 'ॲबोरिजिनल' हा एकच समाज नव्हे. स्वतःची भूमी, स्वतःची भाषा व स्वतःचे कायदे असलेले ते अनेक समाज आहेत. त्यांच्याखेरीज टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी हा वेगळा मूळ समाज आहे. २०२१ च्या जनगणनेत या दोन्ही समाजांची मिळून ८,१२,७२८ माणसे नोंदली गेली. देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण ३.२ टक्के होते.

या समाजांची मुले आणि शाळा यांचा इतिहास आपल्याला परका वाटणार नाही. न्यू साऊथ वेल्स या राज्यात गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की ॲबोरिजिनल मुलाला सरकारी शाळेतून काढता येत असे. मुख्याध्यापकाचा हा अधिकार शिक्षकांच्या नियमपुस्तिकेत १९७२ पर्यंत छापलेला होता. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या व पाण्यासाठी शिपायाची वाट पाहणाऱ्या बाल भीमरावांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. देश निराळा, धर्म निराळा, परंतु शाळेचा उंबरठा तसाच.

ज्यांना शाळेत जागा नव्हती त्यांना पाठ्यपुस्तकातही जागा नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९६८ साली रेडिओवरील व्याख्यानमालेत या विस्मरणावर बोट ठेवले. मूळ रहिवाशांचा इतिहास देशाने केवळ नजरचुकीने वगळलेला नाही, तर ती ठरून गेलेली शांतता आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. न्यू साऊथ वेल्सने १९८२ साली ॲबोरिजिनल शिक्षणाचे धोरण जाहीर केले. कोठडीतील ॲबोरिजिनल मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ साली ३३९ शिफारशी केल्या. त्यांत शालेय अभ्यासक्रमात या समाजांचा इतिहास व दृष्टिकोन यावा अशीही शिफारस होती. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी करताना आयोग शाळेपर्यंत जाऊन पोहोचला, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अज्ञानाचे पर्यवसान कोठे होते हे त्यावरून कळते.

विषय शाळेत आला. पण विषय आला की परीक्षा आली, आणि परीक्षा आली की प्रश्न आला : गुण नेमके कशाला द्यायचे?

तारीख आणि तात्पर्य

२७ मे १९६७ रोजी ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले व ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनादुरुस्तीस होकार दिला. 'हे सार्वमत केव्हा झाले?' असा प्रश्न घातला तर तो आमच्या महाडच्या प्रश्नाचाच भाऊ होईल. मुले तारीख लिहितील, गुण मिळवतील व मोकळी होतील.

आता प्रश्न जरा फिरवून विचारू. '१९६७ च्या सार्वमताने ॲबोरिजिनल लोकांना मताधिकार मिळाला, हे विधान बरोबर आहे काय? पुरावा द्या.' ऑस्ट्रेलियात मोठमोठ्यांची येथे गल्लत होते. केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क सर्व ॲबोरिजिनल लोकांना १९६२ सालीच मिळाला होता, व राज्यांपैकी क्वीन्सलँडने तो सर्वांत शेवटी, १९६५ साली दिला. सार्वमताने दोन गोष्टी केल्या. लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना धरू नये असे सांगणारे कलम १२७ रद्द झाले, आणि त्यांच्यासाठी खास कायदे करण्यास केंद्राला असलेली आडकाठी निघाली. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मुलाला तारीख पाठ असावीच लागते. पण तारीख पुरत नाही. हक्क कागदावर येणे, मोजले जाणे आणि प्रत्यक्ष सत्तेत वाटा मिळणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कळावे लागते.

पाठांतर वाईट, असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. पाठांतराशिवाय विचाराला आधार राहत नाही. आपले त्रिशरण-पंचशीलही आपण पाठच करतो. परंतु पाठांतर हा पाया आहे, आणि पाया मोजून घराची किंमत कोणी ठरवीत नाही.

हा प्रश्न अद्याप जिवंत आहे. संसदेला सल्ला देणारे मूळ रहिवाशांचे मंडळ घटनेत असावे काय, यावर २०२३ साली पुन्हा सार्वमत झाले. सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. योगायोग असा की तो दिवस १४ ऑक्टोबरचा, आपल्या धम्मदीक्षेच्या तारखेचा होता. १९६७ चा होकार आणि २०२३ चा नकार या दोहोंची तुलना करा, असा प्रश्न आज तेथील शिक्षक घालू शकतो. ज्या मुलाला ही तुलना दोन्ही बाजूंची कारणे देऊन करता येते त्याला विषय समजला, असे खुशाल समजावे.

पुरावा कोणाचा?

दुसरी कसोटी पुराव्याची. १० जून १८३८ रोजी न्यू साऊथ वेल्समधील मायॉल क्रीक येथे किमान २८ ॲबोरिजिनल माणसांची कत्तल झाली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व म्हातारी माणसे होती. अकरा जणांवर खटला चालला व ते प्रथम निर्दोष सुटले. त्यांपैकी सात जणांवर पुन्हा खटला होऊन त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना फाशी झाली. अशा कत्तली अनेक झाल्या, पण गोऱ्या मारेकऱ्यांना शिक्षा होणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट होती.

हा पाठ शिकवून 'किती जण मारले गेले?' एवढेच विचारता येईल. परंतु चांगला शिक्षक मुलांपुढे त्या खटल्याचा कागद ठेवतो आणि विचारतो, 'या कागदात कोणाचा आवाज आहे आणि कोणाचा नाही?' त्या काळी ख्रिस्ती शपथ घेऊ न शकणाऱ्याची साक्ष न्यायालय घेत नसे. म्हणून ज्यांची माणसे मारली गेली त्यांनाच बोलता आले नाही. हे ज्या मुलाच्या ध्यानात येते ते मूल त्या एका घटनेपलीकडे जाते. पुढे आयुष्यभर कोणताही सरकारी कागद, कोणतेही गॅझेटियर, कोणतीही बखर वाचताना ते हाच प्रश्न विचारील. खऱ्या अर्थाने शिकणे ते हेच.

मायॉल क्रीक येथे २००० साली स्मारक झाले. त्या प्रसंगी मारल्या गेलेल्यांचे वंशज आणि मारणाऱ्यांचे वंशज एकत्र उभे राहिले. असे का घडू शकले, व इतरत्र का घडत नाही, हाही प्रश्न वर्गात घालण्याजोगा आहे.

वहीचे गुण

आता त्या नातीच्या वहीकडे वळू. न्यू साऊथ वेल्समध्ये बारावीच्या निकालात निम्मा वाटा शाळेतील मूल्यमापनाचा व निम्मा बाह्य परीक्षेचा असतो. ॲबोरिजिनल स्टडीजमध्ये विद्यार्थ्याला एक मोठा प्रकल्प करावा लागतो व त्याचे मूल्यमापन शाळेत होते. प्रकल्प पुस्तकांवरून उतरवून चालत नाही. संबंधित ॲबोरिजिनल समाजातील माणसांशी विचारविनिमय करावा लागतो, आणि त्या सर्व कामाची नोंद वहीत ठेवावी लागते.

आम्ही बँकेत नोकरी करतो. आमच्याकडे व्हाउचरवाचून खात्यात नोंद होत नाही. ही वही म्हणजे ज्ञानाचे व्हाउचर आहे. 'तुला हे कळले, पण कोणाकडून कळले? त्यांनी सांगण्यास संमती दिली होती काय? तू लिहिलेले त्यांना वाचून दाखवलेस काय? त्यांनी काही बदलावयास सांगितले काय?' अशा प्रश्नांना वहीत जागा आहे. नातीने वहीतले एक पान आम्हांस दाखवले. तिने एका वृद्ध बाईंच्या बालपणाविषयी 'दुःखी' असा शब्द लिहिला होता. बाईंनी तो वाचून काढावयास सांगितला. त्या म्हणाल्या होत्या, आमच्यावर अन्याय झाला, पण आम्ही हसत-खेळतही होतो. तोही माझाच इतिहास आहे. नातीने शब्द बदलला व का बदलला ते वहीत लिहून ठेवले. आमच्या मते त्या पानाचे मोल दहा पानी निबंधाहून अधिक आहे.

या पद्धतीत एक धोका आहे. एकाच वस्तीतील चार वृद्धांकडे शंभर विद्यार्थी गेले तर ती माणसे थकून जातील, आणि अभ्यास हाच एक त्रास होऊन बसेल. म्हणून विचारण्याआधी परवानगी, घेतलेल्या वेळाची जाणीव, आणि झालेले काम परत नेऊन देणे, हा शिष्टाचाराचा नव्हे तर अभ्यासाचाच भाग मानावा लागतो.

काय तपासू नये?

काय तपासावे याइतकेच काय तपासू नये हेही महत्त्वाचे आहे. आम्हांस चार गोष्टी जाणवल्या.

पहिली, मनातील भावना. 'मला ॲबोरिजिनल लोकांविषयी फार आदर वाटतो' असे लिहिणाऱ्यास गुण देऊ लागलो तर मुले आदर शिकणार नाहीत, आदराचे वाक्य शिकतील. तेथे सभेच्या आरंभी त्या भूमीच्या मूळ समाजाचा आदरपूर्वक उल्लेख करण्याची प्रथा आहे. तेही वाक्य पोपटासारखे म्हणता येते. त्याऐवजी 'हा उल्लेख कोणीही करू शकतो, पण त्या भूमीवर पाहुण्यांचे स्वागत करण्याचा मान तिच्या मूळ समाजातील माणसांचाच का?' असे विचारले की समज दिसून येते. समजेला गुण द्यावेत. आदर त्या मुलाच्या वागण्यात पुढे दिसेल, तो आकड्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट, वर्गातील ॲबोरिजिनल मूल. 'तुमच्यात हे कसे असते, तू सांग' म्हणून त्याला सर्वांसमोर उभे करणे म्हणजे विद्यार्थ्याला नमुना बनवणे होय. त्यालाही शिकण्याचा व न येण्याचा तितकाच हक्क आहे. १९९७ च्या चौकशी अहवालाने देशापुढे आणले की हजारो मुले सरकारने आईबापांपासून तोडून नेली होती. २००८ साली पंतप्रधान केव्हिन रुड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. अशा घरातील नातवाला आपली भाषा येत नसेल, तर ते त्याचे अज्ञान नव्हे. त्याच्या घरावर झालेल्या आघाताची ती खूण आहे. तिला शून्य गुण कसे देणार?

तिसरी, बोलण्याची रीत. अनेक ॲबोरिजिनल घरांत बोलली जाणारी इंग्रजी ही स्वतःचे नियम असलेली बोली आहे. तिला 'अशुद्ध' म्हणून तांबडी शाई लावणे अन्यायाचे आहे. तसेच थेट प्रश्नाला चटकन उत्तर न देता शांत राहणे ही त्यांच्याकडे विचारीपणाची रीत असू शकते. तोंडी परीक्षेत ती शांतता 'उत्तर येत नाही' म्हणून मोजली जाते. ग्रामीण बोली बोलणाऱ्या आपल्या किती मुलांना 'बोलता येत नाही' असा शेरा मिळाला असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

चौथी, गुप्त ज्ञान. काही कथा, काही स्थळे व काही विधी ठराविक माणसांसाठीच असतात. स्त्रियांचे पुरुषांना व पुरुषांचे स्त्रियांना सांगायचे नसते. अशा गोष्टी विचारणारी प्रश्नपत्रिका कितीही विद्वत्तेची असली तरी ती चुकीची होय. 'हे मला विचारण्याचा अधिकार नाही' असे ज्या विद्यार्थ्याला कळले तो उत्तीर्ण समजावा.

तपासणारा कोण?

उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विषय कळतो काय, हा शेवटचा प्रश्न. न्यू साऊथ वेल्समध्ये १९७७ पासून ॲबोरिजिनल पालकांची व कार्यकर्त्यांची शिक्षणविषयक सल्लागार संघटना काम करीत आली आहे. अभ्यासक्रम ठरवताना अशा संघटनांशी बोलणे तेथे रीतीचे झाले. २०११ साली ठरलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार प्रत्येक शिक्षकाने या समाजांचा इतिहास, संस्कृती व भाषा समजून घेतल्या पाहिजेत. म्हणजे विद्यार्थ्याच्या आधी गुरुजींची परीक्षा आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. तेथील राष्ट्रीय अभ्यासक्रमात मूळ रहिवाशांचा इतिहास व संस्कृती हा सर्व विषयांतून वाहणारा धागा मानला आहे. कल्पना उदात्त आहे. परंतु जे सर्वांचे असते ते पुष्कळदा कोणाचेच राहत नाही. गणिताचा शिक्षक म्हणतो इतिहासवाला बघेल, इतिहासाचा म्हणतो भाषेवाला बघेल. ज्याची तपासणी कोणीच करीत नाही ते शिकवले गेले की नाही, हे कळण्यास मार्ग राहत नाही. स्वतंत्र विषय घेणारी मुले खोलवर शिकतात, पण ती थोडी असतात. सर्वांना थोडे की थोड्यांना सारे, हा पेच तेथेही सुटलेला नाही.

आपल्या वर्गासाठी

केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या, आणि सुज्ञ माणसे त्याविषयी काय म्हणतात तेही पाहा. या उपदेशाचा पहिला भाग आपण वारंवार सांगतो, दुसरा विसरतो. नातीच्या वहीत दोन्ही भाग आम्हांस एकत्र दिसले : स्वतःची पारख आणि जाणत्यांची संमती.

म्हणून यंदाच्या परीक्षेत आम्ही बदल करणार आहोत. तारखांचे प्रश्न राहतील, पण निम्म्याच गुणांचे. महाडचा प्रश्न असा असेल : 'सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली संमत झाला होता. मग १९२७ साली सत्याग्रह का करावा लागला?' उरलेले गुण वहीला. प्रत्येक मुलाने आपल्या वस्तीतील एका वृद्ध माणसाकडे जायचे, परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी लिहायच्या, लिहिलेले त्यांना वाचून दाखवायचे, आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती करून शेवटी त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा. सहीवाचून गुण नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या वर्षभरात आपल्याच वस्तीतील अशी तीन माणसे गेली. त्यांच्या आठवणी कोणत्याही वहीत नाहीत. आपण मुलांना तारीख शिकवीत राहिलो, आणि ज्यांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिला ती माणसे शेजारच्या खोलीत बसून राहिली. त्यांना कोणी विचारले नाही, कारण परीक्षेत ते विचारले जात नव्हते.

पालकांना आमची विनंती आहे की, आपल्या मुलाने किती गुण मिळवले हे विचारण्याआधी, तो कोणाकडे जाऊन बसला होता, हे विचारावे.

भवतु सब्ब मंगलं!